मदत हवी आहे : थंडीत दवाने भिजलेली पालेभाजी नेमकी कधी काढावी?

नमस्कार.

उत्तर सोलापूर तालुक्यात मार्डीच्या बाजूला आमची दीड एकर विहीर-बागायत आहे. त्यात यंदा दहा गुंठे मेथी व पालक, पाच गुंठे गाजर, वांग्याच्या चार ओळी आणि उरलेल्या रानात हरभरा आहे. भोगी संक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे बहुतेक वर्षी १३ जानेवारीला येते आणि तिच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत वांगी, गाजर, पावटा व डहाळ्यांना (घाट्यांसकट उपटलेल्या ओल्या हरभऱ्याला) जी मागणी असते, ती पुन्हा वर्षभर येत नाही. नेमक्या याच दिवसांत आमचा माल खराब होऊ लागला आहे, म्हणून जाणकारांचा सल्ला हवा आहे.

पहाटेच्या सौद्याला माल पोचवायचा, तर मेथी एक तर आदल्या संध्याकाळी उपटावी लागते किंवा रात्री अडीच-तीनला बॅटरीच्या उजेडात. सध्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि विहिरीजवळच्या सखल वाफ्यांत गार हवा साचून राहत असल्यामुळे तिथे दव सर्वांत जास्त पडते. गेल्या सोमवारी आम्ही रात्री मेथी उपटली आणि ओल्याच पेंड्या पोत्यांत दाबून भरल्या. यार्डात पोते सोडले तेव्हा वरच्या पेंड्या हिरव्यागार होत्या, पण मधली पेंडी हाताला चक्क कोमट लागली आणि बंधाखालची पाने काळपट, बुळबुळीत झालेली निघाली. उपटल्यावरही पाला श्वास घेत राहतो, त्याची ऊब बाहेर पडायला वाट नसते आणि त्यात पाणी, हे कारण आता लक्षात आले. पण दोनशेतल्या साठ पेंड्या बाजूला काढाव्या लागल्या.

त्यानंतर संध्याकाळी पाच वाजता काढणी करून पाहिली. पाला कोरडा मिळाला, परंतु दुपारचे ऊन अजूनही ३० अंशांपर्यंत जाते, त्यामुळे तो तापलेला होता आणि सकाळपर्यंत कडा सुकल्या. एकदा ओळखीच्या दुकानदाराच्या शीतपेटीत पालकाच्या पन्नास पेंड्या ठेवल्या, तर त्या गोठल्या. पानातले पाणी गोठून पेशी फुटतात, त्यामुळे बाहेर काढल्यावर तो पालक शिजवल्यासारखा गळून पडला. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठते, तशी वेळ आमच्या रानावर येत नाही. शेतात न होणारे नुकसान आम्ही पेटीत करून घेतले, याचे फार वाईट वाटले.

हरभऱ्याची अडचण निराळी आहे. पहाटे त्याच्या पाल्यावरच्या दवात आंब, म्हणजे पाल्यातून स्रवणारे आंबट आम्ल, उतरलेली असते आणि थंडीने फुटलेल्या बोटांच्या भेगांत ती इतकी झोंबते की, बायका ऊन पडल्याशिवाय डहाळे उपटायला येत नाहीत. त्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. माझी आई मात्र त्यांच्याआधी वाफ्यात उतरते; परवा तिच्या बोटांना विळ्याची मूठ धरवत नव्हती, तेव्हा मी तिला शेकोटीजवळ बसवून ठेवले. म्हणून या धाग्यावर मजुरांना पहाटे कसे आणावे हे मी विचारत नाही, तर काढणीची वेळ कशी बदलता येईल हे विचारतो आहे.

ज्यांनी स्वतः करून पाहिले आहे, त्यांनी कृपया सांगावे : सूर्य मावळल्यावर, पण दव धरण्याआधी, साधारण सात ते नऊ या वेळात मेथी काढून जाळीच्या क्रेटमध्ये पेंड्या उभ्या, सैल लावल्या आणि वर फक्त ओले गोणपाट टाकले, तर ती पहाटेपर्यंत टिकते का? गोणपाट पाल्याला टेकू द्यावे की वर काठ्या लावून अधांतरी ठेवावे? थंडीपासून बचाव म्हणून आम्ही रात्री पिकाला हलके पाणी देतो, कारण ओली जमीन ऊब धरून ठेवते. परंतु काढणीच्या आदल्या रात्री ते बंद ठेवावे का, कारण मुळांना चिखल येऊन पेंडीत आणखी ओल जाते?

वांगी फार थंड जागी राहिली तर सालीवर खड्डे पडतात आणि आतल्या बिया काळ्या होतात. त्यामुळे ती पालेभाजीबरोबर गार जागी न ठेवता घरात, कोरड्या पोत्यावर ठेवण्याचा विचार आहे. त्यात काही चूक असल्यास तेही सांगावे.

सिद्धेश्वराच्या यात्रेमुळे त्या दिवसांत शहरात गाडी न्यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. त्यामुळे माल गाडीत किमान दोन तास राहील, हे धरून उत्तर द्यावे, ही विनंती.