जनुकीय आणि आनुवंशिक एकच का?

मालवणातून: आबांचा बायॉप्सीचा रिपोर्ट आला, प्रोस्टेटचा कॅन्सरच पण नेहमीचा नाही, स्मॉल सेल म्हणतात तो, दुर्मिळ आणि झपाट्याने पसरणारा. त्यात जेनेटिक चेंजेस म्हणून टीपी५३ आणि आरबी१ अशी दोन जनुकांची नावं लिहिलीत. मी घरात सांगताना त्याचं 'आनुवंशिक बदल' केलं आणि आबा तेव्हापासून एकच विचारतायत, "ह्या दुखणा माझ्या झिलांक पण होतला काय?" शब्द चुकला का माझा?

देवगडहून: चुकलाच हो. जनुकात झालेला तो जनुकीय. आनुवंशिक म्हणजे वंशातून आलेला, अनुवंशला इक लागून पहिल्या अ चा आ झाला (निम्मे लोक 'अनुवांशिक' लिहितात, तो काना भलतीकडेच). टीपी५३, आरबी१ हे बहुतेक वेळा गाठीतल्या पेशींमध्येच नंतर बिघडलेले असतात. हापूसच्या एका फांदीला वेगळंच फळ धरलं म्हणून अख्खं कलम तसं असतं का?

रत्नागिरीहून: पण त्या फांदीची काडी घेऊन कलम बांधलं तर बदल पुढे जातो की!

देवगडहून: बरोबर पकडलंत 😄 माणसाचं तसं नाही, प्रोस्टेटच्या पेशीतून पोर होत नाही.

चिपळूणहून: मला तर 'बदल' हाच शब्द खटकतो. आरबी१ म्हणजे पेशींच्या वाढीला ब्रेक, या प्रकारात तो बरेचदा गेलेलाच असतो, मग त्याला उत्परिवर्तन म्हणण्यापेक्षा लोप म्हणा ना. आणि पीएसए (प्रोस्टेटसाठी रक्तात तपासतात तो) कमी आला म्हणून निवांत राहू नका, या प्रकारात तो फारसा वाढतोच असं नाही. दुसरं म्हणजे आबांना 'आनुवंशिक नाहीच' असंही ठामपणे सांगू नका, बीआरसीए२ सारख्या जनुकातला दोष जन्मापासूनचा असू शकतो, मग तो प्रत्येक मुलाकडे जायची शक्यता ५० टक्के, आणि मुलीकडेही बरं का, तिला स्तनाच्या नाहीतर अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. गाठीची तपासणी वेगळी, जन्मापासूनचा दोष बघायची रक्ताची किंवा लाळेची वेगळी, ती डॉक्टरांना विचारा. पुस्तकात गाठीतल्या बदलाला कायिक आणि जन्मापासूनच्या बदलाला जननपेशीतला म्हणतात, घरात कोण बोलणार तसं.

मालवणातून: आबांना 'गाठीतलो बिघाड' म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे पेज घेतली. रक्ताचं सोमवारी विचारतो. मुलीचं ऐकून आता आई आमच्या ताईला फोन लावून बसलीय ते वेगळंच.