मदत हवी आहे: धोरणाचा समानतेवरचा परिणाम तपासायचा कसा?

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये एका कौन्सिलात आहे. सार्वजनिक उपद्रव रोखण्याचं नवं धोरण येतंय आणि त्याची समानतेच्या बाजूने तपासणी माझ्या गळ्यात पडलीय. 2010 च्या इक्वॅलिटी ॲक्टचं कलम 149 (सरकारी संस्थांनी निर्णय घेताना समानतेचा विचार करायलाच हवा, असं सांगणारं) ठाऊक आहे, अडलंय पुढे. 2014 च्या उपद्रवविरोधी कायद्याखाली एखाद्या चौकात ठरावीक वर्तनाला बंदी घालणारा आदेश निघाला की तो 3 वर्षांपर्यंत चालतो; मोडला तर जागेवर दंड. ‘आरडाओरडा’ म्हणून टूरेटचा (या विकारात तोंडून नकळत आवाज, शब्द निघतात) रुग्णच सापडला तर? शिवाय हाताशी आहेत फक्त तक्रारींचे आकडे (म्हणजे बोलक्यांचेच!), वंशाचा रकाना बहुतेक कोरा. शेजाऱ्याचा वांशिक छळ मुकाट सोसणारी इंग्रजी न येणारी आजी त्यात कशी दिसणार? असं काम केलेल्यांनी सांगा, अशांपर्यंत कसे पोहोचलात?