वन बीएचकेमध्ये डिनोव्हेंबर कसा करायचा?

चिऊची_आई:
नमस्कार मंडळी, आम्ही मुलुंडला राहतो, घरात मी, नवरा, सासूबाई आणि दोन पोरं, लेक सहाची आणि धाकटा साडेतीनचा. दोघांना डायनासोरचं प्रचंड वेड, धाकट्याला अजून र म्हणता येत नाही पण पॅकिसेफॅलोसॉलस म्हणतो. मला नुकतंच डिनोव्हेंबरबद्दल कळलं, अमेरिकेत कॅन्सस सिटीकडच्या ट्यूमा नावाच्या जोडप्याने सुरू केलेला प्रकार आहे, नोव्हेंबरभर मुलं झोपली की खेळण्यातले डायनासोर घरात मांडून ठेवायचे आणि सकाळी मुलांना वाटलं पाहिजे की रात्री हे जिवंत झाले होते आणि काय काय उद्योग करून ठेवलेत. २०१३ मध्ये त्यांचे फोटो जगभर फिरले आणि तेव्हापासून खूप जण करतात. मला फारच आवडलंय. पोरं सारखी मोबाईल मागतात, त्यापेक्षा मोठेपणी आठवेल असं काहीतरी त्यांना द्यायचंय.

पण अडचणी खूप. फोटोत किचनभर पीठ सांडलेलं, अंडी फुटलेली, ते आमच्याकडे होणार नाही, सासूबाईंना अन्नाची नासाडी अजिबात चालत नाही आणि मलाही पटत नाही. शिवाय रात्री काही बाहेर राहिलं की सकाळी मुंग्या आणि झुरळं. धाकटा दचकला तर काय हाही प्रश्न आहे. मी ६.५० ची लोकल पकडते, रात्री दहाला डोळे मिटायला लागतात. यंदा दिवाळी पण मध्येच आलीय. कोणी केलंय का?

दोन_पोरांचा_बाबा:
ताई नक्की करा, आमचं चेंबूरला तीन वर्षं चालू आहे. पण माझ्याकडून पहिल्या वर्षी चूक झाली ती आधी सांगतो, मी पहिल्याच रात्री आ वासलेला मोठा रबरी टी रेक्स पोराच्या उशीशी उभा केला, तो तेव्हा चार वर्षांचा, पहाटे जाग आली, नाईट लॅम्पच्या उजेडात समोर ते दात, असा किंचाळला की शेजारच्या काकू दार वाजवायला आल्या. आठ दिवस त्या खोलीत एकटा जाईना. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून अंथरुणापाशी काहीही ठेवत नाही, सुरुवातीचे चार-पाच दिवस फक्त पाला खाणारे, लांब मानेचे, आणि ते मदत करताना सापडले पाहिजेत, मोज्यांच्या जोड्या लावताना वगैरे. अजून एक, रात्री मुलांनाच त्यांना बुटाच्या खोक्यात झोपवायला सांगा. सकाळी खोकं रिकामं दिसलं की ती शोधायला पळतात, मग भीती उरत नाही.

रोज नका करू, आठवड्यातून तीनदा पुष्कळ झालं. आणि रात्री जागायचं कशाला, सकाळी पाणी भरायला उठताच ना, तेव्हा पाच मिनिटांत होतं, मुंग्यांना पण वेळ मिळत नाही. मावशी लवकर येत असतील तर त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, आमची एकदा सगळी मांडामांड मुलं उठायच्या आत झाडली गेली. आमच्याकडे सगळ्यात गाजलेलं म्हणजे वाळत घालायच्या दोरीवर चिमट्यांनी लटकवलेला टेरोडॅक्टिल. तो डायनासोर नसतो, उडणारा वेगळा सरपटणारा प्राणी असतो, माझा मुलगा येईल त्या पाहुण्याला हे समजावून सांगतो.

गिरगावची_आजी:
अगं चिऊच्या आई, सासूबाईंना आधी सांग आणि त्यांनाच ह्यात घे. पीठ कशाला पाहिजे, रांगोळी आहे ना घरात! गौरी येतात तेव्हा आपण मुठीची कड टेकवून पाऊल उठवतो आणि वर बोटांची टोकं, हे पण तसंच. पुढे तीन बोटं, मधलं जरा लांब, की झालं मांस खाणाऱ्याचं पाऊल, आणि लांब मानेच्या थोरल्याला वाटीचं बूड टेकवायचं. गेल्या वर्षी मी दारापासून ओट्यापर्यंत अशी पावलं काढली. नातू उठला, उकिडवा बसून एकेक पाऊल बघत पुढे सरकत गेला, मध्येच थांबून म्हणाला, आजी, हा लंगडतोय. एक पाऊल माझ्याकडून वाकडं उठलं होतं ते त्याने बरोब्बर पकडलं. मग दिवसभर त्या लंगड्याच्या पायाला हळद लावणं चालू होतं.

दिवाळी मध्ये येतेय हे तर चांगलंच आहे. बिल्डिंगखाली मुलं किल्ला करतील त्यावर हळीव पेरा, चार-पाच दिवसांत हिरवंगार होतं, रोज सकाळी एकजण त्यात तोंड खुपसून चरताना दिसला पाहिजे. बुरुजावर मावळ्यांच्या जोडीला पहाऱ्याला उभे केले तरी चालतील, महाराजांच्या सिंहासनापाशी मात्र ठेवायचे नाहीत, एवढं मी आमच्याकडे सांगितलं होतं. आणि मुलांशी खोटं बोलतोय असं मनात आणू नकोस, पडलेला दात आपण उंदराला देतोच की.

खडकवाली:
मी भूगर्भशास्त्र शिकवते त्यामुळे राहवत नाहीये, प्लीज ह्यात आपले डायनासोर पण घ्या. मुलांना टी रेक्स पाठ असतो आणि इसिसॉरस माहीत नसतो, तो तर आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा, लांब मानेचा, पाला खाणारा. राजासॉरसची हाडं गुजरातेत बालासिनोरजवळ मिळाली, २००३ साली नाव दिलं, डोक्यावर बुटकंसं शिंग होतं. बारापासॉरस टागोराय म्हणजे तर बंगालीतला 'बडा पाय' आणि पुढे रवींद्रनाथ टागोरांचं नाव. दुकानात हे मिळत नाहीत, पण कुठल्याही लांब मानेच्याच्या गळ्यात 'मी डोंगरगावचा' अशी चिठ्ठी अडकवली की काम होतं.

चंद्रपूरकडेच पिसदुऱ्याला डायनासोरांच्या काळातल्या शेणाचे दगड झालेले गोळे मिळतात, २००५ मध्ये त्यात गवताचे अतिसूक्ष्म कण सापडल्याचं जाहीर झालं, तोपर्यंत त्या काळात गवत असेल असं फारसं कोणी धरत नव्हतं! शाडूच्या मातीचे गोळे करा, आत गवताची काडी घाला, वाळू द्या, आणि मुलांना रविवारी फोडायला द्या, मुलं तासभर हलत नाहीत हे मी वर्गात बघितलंय. मांडताना एक करा, स्टेगोसॉरस आणि टी रेक्सची मारामारी नका लावू, दोघांमध्ये आठ कोटी वर्षांचं अंतर आहे, काळाने बघितलं तर टी रेक्सला स्टेगोसॉरसपेक्षा आपण जास्त जवळचे आहोत. लेकीला हे सांगून बघा, तिचा चेहरा बघण्यासारखा होईल.

आणि मुंबईचंही आहे बरं का. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमधल्या गाळात छोट्या बेडकांचे जीवाश्म मिळाले, १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यांचं वर्णन केलं, आणि डायनासोर हा शब्द दिला तो ह्याच माणसाने, १८४२ ला. एखाद्या रविवारी अंधेरीला गिल्बर्ट हिल दाखवा, त्या काळ्या उभ्या खांबांना हात लावू द्या, सहा कोटी वर्षांच्या आसपासचा लाव्हा आहे तो, आणि वर गावदेवीचं देऊळ.

चिऊची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार! आजी, सासूबाईंना तुमचं वाचून दाखवलं, त्या एवढंच म्हणाल्या, रांगोळीचा डबा काढ. आज पहाटे पाणी यायच्या वेळेला त्यांनीच वाटीने पावलं काढली, दारापासून पिंपापर्यंत, देव्हाऱ्याच्या अलीकडून वळवून. शेवटी लांब मानेचा तांब्यात मान घालून उभा. धाकटा आधी उठला, पिंपापाशी जाऊन तोंडावर बोट ठेवून आम्हालाच गप्प करायला लागला, "शूऽऽ, तो पानी पितोय". दचकला वगैरे काही नाही.

लेकीने चिठ्ठी वाचली आणि शाळेत जायच्या आधी उलट चिठ्ठी लिहून खोक्यात ठेवलीय, "डोंगरगाव किती लांब आहे? तू एकटाच आलास का? तुझी आई कुठे आहे?" उत्तर उद्या पहाटेपर्यंत द्यायचंय आणि सासूबाई म्हणतायत काहीतरी थाप मारू नकोस. खडकवाली ताई, हे प्राणी कळपाने राहायचे का, आज रात्री झोपायच्या आत सांगाल का?