गोष्ट मुद्दाम चुकवून मुलांना वाचायला शिकवणं : बरोबर की थिल्लरपणा?

खारी_बटर

मी दर शनिवारी आमच्या सोसायटीमागच्या वस्तीतल्या दहा-बारा पोरांचा वाचनाचा वर्ग घेते. दुसरी-तिसरीतली पोरं, ओट्यावर सतरंजी टाकायची आणि सुरू, फी वगैरे काही नाही. त्यातला एक, त्याला आपण बंटी म्हणू, म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घडाघडा वाचायचा आणि मी मनात खूश. एकदा वाचता वाचता त्याचं लक्ष गेलं समोरच्या पत्र्यावरच्या मांजराकडे. नजर मांजरावर, बोट पानावर सरकतंय आणि तोंड चालूच, "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा". पान उलटायचंही राहिलं होतं! म्हणजे बाळ वाचत नव्हतंच, सगळं पाठ.

मग मी घरी तीच गोष्ट हाताने लिहून काढली आणि मधेमधे एखादं अक्षर बदललं. वाघोबा म्हणाला, थांब म्हातारे, मी तुला गातो. म्हातारी म्हणाली, तूपरोटी खाईन, झाडझूड होईन. बंटी पहिल्यांदा 'खातो' म्हणून तसाच पुढे गेला, तर शेजारची पोरगी किंचाळली, "ए, गातो आहे, गातो!" मग जे काही हसले सगळे. त्यानंतर बंटी प्रत्येक शब्दावर बोट ठेवून, ओठ हलवत, बाईंनी कुठे फसवलंय ते शोधत बसला. माझ्या मते त्या दिवशी तो पहिल्यांदा वाचला.

आता आम्ही चिऊकाऊवर आलोय आणि पोरं स्वतःच लिहायला लागलीत. एकीने लिहिलेलं जसंच्या तसं देते: "चीऊताई चीऊताई दार ऊघड. थांब मोबाईल चारजींगला लावते. चीऊताई चीऊताई दार ऊघड. थांब माझी रील संपुदे."

परवा एका ओळखीच्या बाईंनी, त्या पण शिक्षिकाच, मला सुनावलं की हा थिल्लरपणा आहे, गोष्टीचं वाटोळं आणि भाषेचंही. तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. तुमचं काय मत?

आवळासुपारी

राग मानू नकोस पण मी त्या बाईंच्या बाजूने. ३४ वर्षं पहिली-दुसरी शिकवलीय. चिऊताई बाळाला न्हाऊ घालते, पुसते, अंगडं घालते, काजळ लावते, तीट लावते, आणि दर वेळी काऊ बाहेरून तेच म्हणतो. त्या तेच-तेच येण्यातच सगळी गंमत आहे. पुढचं वाक्य काय येणार हे मुलाला आधीच ठाऊक असतं आणि त्या भरवशावर ते पानावरच्या आकाराशी आवाज जुळवायला शिकतं. पाठ असणं ही वाचनाची पहिली पायरी आहे, चोरी नव्हे. तुझा बंटी त्या पायरीवर उभा होता. तू त्याची काठी काढून घेतलीस, तो पडला आणि सगळे हसले. हे तू कौतुकाने लिहिलंयस म्हणून मला जास्त टोचलं.

आणि हो, 'उघड' मधला उ पहिला, 'चिऊ' मधली वेलांटी पहिली. दुरुस्त केलंस की तसंच ठेवलंस?

जोडाक्षर

दोघींशी अर्धा-अर्धा असहमत.

काकू, पाठ करणं पहिली पायरी असेलही, पण कित्येक पोरं त्याच पायरीवर तिसरीपर्यंत बसून राहतात आणि कुणाला पत्ता लागत नाही कारण पुस्तक बदलत नाही. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं ते यासाठीच ना, की तिसरी संपेपर्यंत पोराला समजून वाचता यावं. तेव्हा खारीबाईंनी जे पकडलं ते भारीच आहे.

पण खारीबाई, तुम्ही श्रेय चुकीच्या माणसाला देताय. बंटी वाचायला लागला तो मजकूर बदलला म्हणून, विनोद झाला म्हणून नाही. 'खातो' च्या जागी साधं 'जातो' टाकलं असतं तरी त्याला अक्षराकडे बघावंच लागलं असतं. आणि दुसरं म्हणजे तुम्ही नुसती व्यंजनं बदलताय. आपल्या लिपीत पोरं अडतात कुठे? पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या आधी आणि बोलायची नंतर. रफार बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि उच्चारायचा आधी. काना गाळला तरी पोरं अंदाजाने बरोबर वाचून जातात. फसवायचंच तर तिथे फसवा. 'म्हातारी वाड्यात राहत होती' चं 'म्हातारी वड्यात राहत होती' करा, बघा किती जण काना नाही हे बघतात ते.

खारी_बटर

म्हातारी वड्यात 😂 हे मी ढापणार.

पण 'जातो' वर असहमत. वाघ म्हणाला मी तुला जातो, यावर बंटीने खांदे उडवले असते आणि बाईंचं लिहिताना चुकलं म्हणून पुढे गेला असता. शोधावंसं वाटलं ते पुढे अजून एक गंमत लपलेली असेल या आशेने. आपण नाही का, ऑफिसचा मेल वरवर बघतो आणि मैत्रिणीचा मेसेज तीनदा वाचतो.

आवळाकाकू, नाही दुरुस्त केलं. तिने आयुष्यात पहिल्यांदा चार ओळी आपणहून लिहिल्या होत्या, त्यावर लाल पेन फिरवायची हिंमत नाही झाली.

आवळासुपारी

लाल पेन कुणी सांगितलं? दुसऱ्या दिवशी फळ्यावर आपण बरोबर लिहायचं आणि तिला म्हणायचं, ये गं, तुझी ओळ वाच. मूल स्वतः बघतं फरक. लाड आणि शिकवणं यात फरक आहे बाई.

कटिंग_दोन

मूळ गोष्ट मूळ गोष्ट करताय, पण कुठली मूळ? लाल टोपीवालीची गोष्ट घ्या. फ्रान्समध्ये पेरो नावाच्या लेखकाने १६९७ ला छापली त्यात लांडगा पोरीला खातो आणि गोष्ट खल्लास, सोडवायला कुणीही येत नाही. १८१२ ला ग्रिम बंधूंनी छापली तेव्हा शिकारी आला, लांडग्याचं पोट कापलं, आजी आणि नात दोघी जिवंत बाहेर. म्हणजे सव्वाशे वर्षांच्या आत शेवटच फिरवला आणि आज आपण त्यालाच मूळ म्हणतो. आपला काऊ तरी काय, कुठल्या घरी तव्यावर बसून भाजतो, कुठल्या घरी नुसता भिजून उडून जातो. माझी आजी तर खीर खाल्ली म्हणून चटका द्यायची त्याला.

आणि विडंबन म्हणजे थिल्लर असेल तर अत्र्यांना काय म्हणणार? केशवकुमार नावाने 'झेंडूची फुले' लिहून बड्या बड्या कवींची टोपी उडवणारा माणूसच पुढे मुलांसाठी नवयुग वाचनमाला काढतो की.

आवळासुपारी

बरं झालं अत्र्यांचं नाव काढलंस. झेंडूची फुलं मोठ्यांसाठी, ज्यांना त्या मूळ कविता तोंडपाठ होत्या त्यांच्यासाठी. मुलांसाठी लिहायला बसले तेव्हा त्याच अत्र्यांनी 'दिनूचं बिल' लिहिलं, सरळ, साधं, कुणाचीही टर न उडवता. कुठे काय चालतं हे त्यांना कळत होतं. माझा मुद्दा मीच मांडला असता त्यापेक्षा तू छान मांडलास, धन्यवाद.

कटिंग_दोन

काकूंनी काढली विकेट. चहा घेऊन येतो.

जर्सीतले_पोहे

इथे न्यू जर्सीत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. आमच्याकडे उलटा प्रकार, पोरांना चिऊकाऊ माहीत नाही पण सिंड्रेला झोपेत विचारा. म्हणून आम्ही सिंड्रेलाच मराठीत आणली. ती लग्नाच्या पंगतीतून पळताना कोल्हापुरी चप्पल मागे राहते आणि राजपुत्र घरोघर फिरतो, पण दारात चपलांचा ढीग बघून कुणाची कुठली तेच कळत नाही त्याला. नऊ वर्षांच्या मुलाने लिहिलं, "माझा चप्पल हरवला, तो खूप कर कर करतो." मी ती चप्पल, हरवली, करते असं तीनदा सांगून झालं होतं तरी डोक्यात जात नव्हतं. मग वर्गातल्या एका मुलीने राजपुत्राला म्हणायला लावलं, "हा चप्पल मुलगा आहे का? मग मी मुलाशी लग्न करू?" त्यानंतर त्या वर्गात चप्पल कायमची बाई झाली.

हे बंटीला लागू पडेल असं नाही, आमच्या पोरांना अक्षरं येतात, भाषा येत नाही. त्याच्याकडे भाषा भरपूर आहे, अक्षरं नाहीत. उपाय एकच कसा चालेल हा माझाही प्रश्न.

सातपुडा_मास्तर

उशिरा आलो, रेंजचा प्रॉब्लेम.

मी नंदुरबारच्या धडगाव भागातल्या पाड्यावर शिकवतो, पोरांच्या घरी पावरी बोलतात. मी पण उत्साहात चिऊकाऊचं मोबाइलवालं व्हर्जन वर्गात केलं होतं, अगदी असंच. एक पोरगं हसलं नाही. म्हटलं आवाज कमी पडला असेल, परत वाचलं, हातवारे केले. तरी तोंडाकडे बघत बसलेले. मग डोक्यात प्रकाश पडला की यांना मूळ चिऊताईच माहीत नाही, मेणाचं घर कुणी बघितलेलं नाही, आणि शेणाने सारवलेल्या घरात तर हे स्वतः राहतात, त्यात हसण्यासारखं किंवा कमीपणाचं काय? ती ओळ वाचताना मलाच लाजल्यासारखं झालं खरं सांगतो. आपण लहानपणापासून 'कावळ्याचं घर शेणाचं' किती मजेत म्हणतो.

नंतर एका पोराच्या आजीला बोलावलं. तिने कोल्ह्याची गोष्ट सांगितली, पावरीत, मला निम्मी कळली पण पोरं लोटपोट. मी पोरांना विचारत विचारत ती फळ्यावर देवनागरीत लिहिली, पावरीतच. आठवडाभर रोज वाचली. पुढच्या सोमवारी मी मुद्दाम कोल्ह्याच्या जागी कोंबडा लिहिला आणि गप्प बसलो. सगळ्यात मागे बसणारी पोरगी, जिने जूनपासून वर्गात तोंड उघडलं नव्हतं, ती उठून फळ्यापाशी आली आणि हाताने 'कोंबडा' पुसला. सरळ पुसला. मग खडू मागितला.

त्यामुळे मी खारीताईंच्या बाजूने आहे आणि काकूंच्या पण. आधी गोष्ट पोरांची पाहिजे, घट्ट पाठ पाहिजे, मग चुकवायची. चुकवलेलंच आधी दिलं तर ती आपली गंमत, त्यांची नाही. बाकी आमच्याकडे भेटीला आलेल्या एका साहेबांनी फळा बघून विचारलं, हा कितवा धडा? पुढचं लिहीत नाही.

काळीमिरी

मास्तर, शेणाच्या घराबद्दल लिहिलंत म्हणून मीही लिहिते, नाहीतर नुसतं वाचून जाणार होते. माझ्या मुलीच्या वर्गात अशीच 'फनी' चिऊकाऊ नाटुकली केली, कावळा म्हणजे काळा, घाणेरडा, कर्कश, सगळे विनोद त्यावर. नाटक दहा मिनिटांचं, पण माझ्या सावळ्या लेकीला पुढे दोन महिने वर्गात काव काव करून चिडवलं. वाचायला शिकली ती तेव्हाच, मान्य. शाळेच्या बसमध्ये सीटच्या मागे पेनने लिहिलेलं पहिलं वाक्य तिने स्वतःबद्दलचं वाचलं.

विनोद करा, पण हसतंय कोण आणि कुणाला, ते बघून करा एवढंच.

खारी_बटर

वाचून गप्प झाले. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं खरंच. आता आठवतंय, पोरांनी लिहिलेल्या कागदांत पण कावळ्यावर दोन-तीन तसल्या ओळी आहेत आणि मी त्या हसत हसत मोठ्याने वाचून दाखवल्यात. या शनिवारी काऊच्या बाजूने गोष्ट लिहायला सांगते, तो बाहेर पावसात उभा राहून काय काय विचार करतो ते.

आणि आवळाकाकू, तुमचा काठीवाला मुद्दा दोन दिवस छळतोय. बंटी पडला तेव्हा सगळे हसले हे खरं आहे. तो पण हसला होता, पण सगळ्यांच्या नंतर.

आवळासुपारी

एवढं मनाला लावून घेऊ नकोस. फसवायचं असेल तर आधी बाईंनी फसायचं. तू वाच 'खातो', आणि पोरांना पकडू दे तुला. मी करायचे असं, मुद्दाम चुकीचा फळा वाचायचे, वर्ग डोक्यावर घ्यायची पोरं. अर्थात त्याला मी विडंबन म्हणत नव्हते आणि आजही म्हणणार नाही.

जोडाक्षर

काकू, तुम्ही ३४ वर्षं तेच केलंत आणि इथे विरोधात बोलताय, कमाल आहे!

असो. मला अजून वाटतं की विनोद की नुसता बदल हे तपासून बघावं. महिनाभर एका गटाला गमतीची वाक्यं, दुसऱ्या गटाला साधी बदललेली, काना-वेलांटी-रफार दोन्हीकडे सारखे. शेवटी दोघांना न बघितलेला उतारा द्यायचा. कुणी तयार आहे का?

खारी_बटर

माझी बाराच पोरं, त्यातली चार पाऊस आला की येत नाहीत. आणि कंटाळवाणा कागद कुणाच्या हातात द्यायचा ते तुम्ही येऊन ठरवा, मला नाही जमणार. पोरं शेजारी-शेजारी बसतात हो, एकाच सतरंजीवर. पलीकडचे खिदळतायत म्हटल्यावर हे आपला कागद टाकून तिकडेच जाणार.

सातपुडा_मास्तर

माझ्याकडे एकच खोली, पहिली ते चौथी एकत्र, दुसरे सर ट्रेनिंगला. दोन गट करायचे तर एक गट आंब्याखाली बसवावा लागेल. फळा पण एकच आहे. जोडाक्षर साहेब, ते 'वड्यात' सारखी वाक्यं असतील तर अजून टाका इथे, सोमवारी लागतील. वडा आमच्या पोरांना माहीत आहे, बाजारात मिळतो. वाडा मात्र दाखवावा लागेल.