१६एस जुळलं, तरी प्रजाती तीच असेल असं नाही

"१६एस जनुक ९९ टक्के जुळलं, म्हणजे जंतू जुनाच, आधी माहीत असलेल्या प्रजातीचा" असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. (१६एस हे सगळ्या जिवाणूंत असणारं जनुक; जंतू ओळखायला ते वाचतात.) ९८.७ टक्क्यांखाली आलं तर नव्या प्रजातीची शक्यता दाट, हे खरं. पण त्याच्या वर आलं म्हणून प्रजाती तीच, असं त्यातून निघत नाही. टीबीच्या जंतूच्या नात्यातले मायकोबॅक्टेरियम अ‍ॅबसेसस आणि किलोनी यांचं १६एस ९९ टक्क्यांहून जास्त जुळतं, आणि १९९२ पर्यंत ते एकाच प्रजातीत धरले जात. संपूर्ण जिनोम (जंतूची सगळी जनुकीय माहिती) ताडून पाहायला हवा; सरासरी साम्य ९५-९६ टक्क्यांखाली गेलं तर प्रजाती वेगळी.

परळच्या एका लॅबमध्ये असताना पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर टाक्यातून पू येणाऱ्या एका बाईंचं सॅम्पल आलं होतं. आधी कुठेतरी स्लाइडवर लाल काड्या दिसल्या (रंगवल्यावर टीबीचा जंतू आणि त्याचे हे नातेवाईक असेच दिसतात) म्हणून दोन महिने टीबीच्या गोळ्या चालू होत्या. आमच्या प्लेटवर पाचव्या दिवशीच खसखशीएवढे पांढुरके ठिपके उगवले. टीबीचा जंतू इतक्या लवकर कधीच वाढत नाही! १६एसवरून या दोघांपैकी कोण ते ठरेना, आरपीओबी हे दुसरं जनुक वाचल्यावर अ‍ॅबसेसस निघाला. नावाचा हट्ट एवढ्याचसाठी, की अ‍ॅबसेससच्या बऱ्याच वाणांत क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू केल्यावर प्रतिकार जागा होतो (त्यांच्यातल्या ईआरएम ४१ जनुकामुळे), किलोनीत तसं होत नाही. त्या बाईंचे दोन महिने मात्र वाया गेले होते.