खाऱ्या पाण्यात बर्फ सावकाश वितळतो
तरंगता बर्फ वितळला तरी ग्लासातली पातळी वाढत नाही, हे दाखवणारा नेहमीचा प्रयोग बरोबरच आहे, पण तो गोड्या पाण्याचा. खाऱ्या पाण्यात ती किंचित वाढते: वितळलेल्या पाण्याच्या आकारमानाच्या साधारण अडीच टक्के, म्हणजे ग्लासात डोळ्यांना दिसणारच नाही. म्हणून वर्गात पातळी मोजण्यापेक्षा वितळण्याचा वेग बघायला लावा, त्यात खरी गंमत आहे.

दोन सारखी पारदर्शक भांडी घ्या. एकात साधं पाणी, दुसऱ्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ. दोन्हींत खाण्याचा गडद रंग घालून गोठवलेला एकेक सारखाच खडा अलगद सोडा. आधी अंदाज लिहून घ्या. मिठाने बर्फ लवकर वितळतो हे ऐकलेलं असल्यामुळे बहुतेक मुलं चुकतात. साध्या पाण्यात थंड रंगीत पाणी धारांनी तळाशी जातं आणि कोमट पाणी वर येऊन खड्याला भिडतं. खाऱ्या पाण्यात मात्र हे वितळलेलं रंगीत पाणी हलकं पडून वरच थर धरतं, खडा थंड पाण्यात बसून राहतो.

फसतं ते दोन कारणांनी: मीठ नुकतंच विरघळवल्याने दोन्ही पाण्यांचं तापमान सारखं नसतं (रात्रभर शेजारी ठेवा), आणि कुणीतरी चमचा फिरवतं. ढवळलं की थर मोडतो.