तेल साठवणारे तरंगते जहाज नेमके कुठे लागते?

प्रश्न: मुंबई हायचे तेल समुद्रतळावरील वाहिनीतून उरणला येते. मग पूर्व किनाऱ्यालगतच्या समुद्रातील कृष्णा-गोदावरी खोऱ्यात तेलावर प्रक्रिया करून ते साठवणारे ‘एफपीएसओ’ जहाज का वापरले गेले, हे कोणी जाणकार सांगतील का?

प्रतिसाद १: मुख्य कारण पाण्याची खोली. मुंबई हाय येथे समुद्र साधारण ७५ मीटर खोल असल्यामुळे तळावर पाय रोवलेले पोलादी फलाट उभारता आले. कृष्णा-गोदावरीच्या ‘एमए’ नावाच्या तेलक्षेत्रात मात्र खोली हजार मीटरहून अधिक होती, म्हणून २००८ मध्ये तेथे ‘धीरूभाई-१’ हे जहाज कामास लागले. अशा जहाजात विहिरींतून आलेल्या मिश्रणातून तेल, वायू आणि पाणी वेगळे केले जाते, तेल जहाजाच्या पोटातील टाक्यांत साठते आणि ठरावीक काळाने दुसरे टँकर ते घेऊन जाते. मला सर्वांत विलक्षण वाटतो तो जहाजातील बुरुज (टरेट), ज्यातून विहिरींच्या नळ्या जहाजात येतात : तो नांगरांनी जखडलेला असतो आणि वारा फिरेल तसे संपूर्ण जहाज त्याच्याभोवती फिरते, तरीही तेलाचा प्रवाह थांबत नाही.

प्रतिसाद २: एक पुरवणी जोडतो. केवळ खोलीच निर्णायक नसते. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे २०० किलोमीटरवर असलेल्या डी-१ क्षेत्रात पाणी उथळच आहे, तरीही तेथे ‘आर्मडा स्टर्लिंग’ हे जहाज वापरले गेले. क्षेत्र दूरचे असेल, तर किनाऱ्यापर्यंत वाहिनी टाकण्याचा खर्च परवडेलच असे नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. डी-१ ची माहिती मला सर्वस्वी नवीन होती.